चिखलानं माखलेले पाय

जानेवारीतली पाणपक्षी गणना होती. कोल्हापूरच्या कळंबा तलावाचं पाणी ओसरून काठाला चिखलाची लांब पट्टी उघडी पडलेली, आणि तिच्यावरचे टिलवे माझ्या वाट्याला आले होते. (संक्रांतीच्या आठवड्यात नवख्यांना हमखास ‘तिळवे’ ऐकू येतं.)

टिलवा म्हणजे चिखलात टिपणारा, चिमणीहून लहान पाणपक्षी, वजन 20 ते 30 ग्रॅम. अंडी घालतो आर्क्टिकच्या टुंड्रात, हिवाळा काढतो आपल्याकडे. इथं दोन जाती भेटतात, छोटा आणि टेमिंकचा. पुस्तकातली खूण सोपी आहे: छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवट.

सकाळी साडेसात वाजता सूर्य पाठीशी घेऊन स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) लावला. आधी 20 पटीवर सगळी पट्टी चाळली, मग 40 पटीवर एकेकाचे पाय पाहिले. सगळे काळे! सोबतच्या नवख्या पोरानं वहीत सरसकट ‘छोटा’ लिहूनही टाकलं.

पण गवताच्या कडेची काही पाखरं खटकत होती. छोटा टिलवा उघड्यावर पळत-पळत टिपत असतो, एका जागी ठरत नाही. ही मात्र म्हशींच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांत दबकून, उंदरासारखी सरकत होती. पाठ सपाट करडी, छातीवर राखाडी पट्टा. तुतवारीचंच (टिलव्याहून थोराड पाणपक्षी) पिल्लू म्हणावं अशी. तेवढ्यात म्हशीवाले मामा आले, “काय हो, माझ्या म्हशी मोजाय लागलाय व्हय?”

“न्हाई मामा, त्यांच्या खुरात बसल्यात ती पाखरं.”

त्यातलं एक स्वच्छ पाण्यात उतरून बाहेर आलं आणि पाय पिवळट दिसले. काळ्या मातीचा ओला चिखल पायांवर चढला होता, इतकंच. उलटही घडतं: वाळलेला चिखल फिकट पडतो आणि छोट्याचे काळे पाय टेमिंकचे वाटायला लागतात. म्हणून पायांआधी चाल बघावी, असं माझं मत.

पक्की खूण शेपटीत असते. कडेची पिसं टेमिंकची पांढरी, छोट्याची राखाडी; पण ती दिसतात उडताना. तरी तेवढ्यासाठी कुणी मुद्दाम टाळी वाजवून पाखरं उठवू नये. त्यांचं खाणं तुटतं आणि थवा शेजारच्या टप्प्यात उतरला की तोच दोनदा मोजला जातो. आम्ही थांबलो. साडेआठच्या सुमारास दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून घिरटी घेत आला. छोटे टिलवे एकगठ्ठा पाण्यालगत फिरले, ‘टिट्, टिट्’ करत. कडेचे 7 मात्र सरळ वर उसळले, वेडेवाकडे वळत, रातकिड्यासारखी ‘ट्रिर्रर्र’ ओढत. शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या.

टेमिंकच्या मादीचा संसारही अजब. पहिली चार अंडी ती नराच्या हवाली करते, दुसऱ्या नराशी जोडी जमवून पुन्हा चार घालते आणि ती स्वतः उबवते. टुंड्राचा उन्हाळा आखूड असल्यानं हा हिशेब परवडतो.

दहाच्या पुढं चिखलावर उन्हाची झळ थरथरू लागली. 40 पटीवर पाखरं पाण्यात पाहिल्यासारखी हलायला लागली, म्हणून परत 20 वर आलो. पलीकडच्या काठावरचे वीसेक टिलवे राहिले होते. पोराला तेही ‘छोटा’त घालून बेरीज मिटवायची होती. मी त्याच्याकडून नवी ओळ लिहून घेतली: ‘टिलवा, जात अनिश्चित’.