कोपराच्या पाण्यातले लांब धागे

"मॅडम, पंख टाकलाय यानं. दाणं खातो, पण उडायचं नाव नाही," असं म्हणत मिरजेकडच्या एका कबुतरवाल्याने त्याचा हायफ्लायर, म्हणजे उंच उडणाऱ्या जातीचा, नर आमच्या लॅबच्या टेबलावर ठेवला. डाव्या पंखाचं कोपर सुपारीएवढं सुजलेलं, विष्ठा पातळ आणि हिरवी. कबुतराचं असं कोपर दिसलं की पहिला संशय पॅराटायफॉइडचा, म्हणजे साल्मोनेलाचा. आतड्यातून रक्तात शिरून हा जंतू सांध्यात ठाण मांडतो.

इन्सुलिनच्या सुईने थेंबभर गढूळ पाणी निघालं. थोडं कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, थोड्याची स्लाइड. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून ओळखायची पद्धत) बघून आमच्या तरुण सहकाऱ्याने 'बुरशीचे धागे' असं लिहूनही टाकलं. मुलगा कष्टाळू आहे, पण त्याला निष्कर्षाची फार घाई.

ऑइल इमर्शनखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली, मी स्वतः बघितलं. धागे होतेच, काही तर फील्डच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. साल्मोनेलाची काडी एरवी 2 ते 5 मायक्रोमीटरची. पण रंग गुलाबी होता, या स्टेनमध्ये साल्मोनेला धरतो तसा. बुरशी सहसा जांभळा धरते. कुठे फांदी नाही, आडवे पडदे नाहीत, जाडी साध्या काडीइतकीच. काही धागे मध्येच फुगलेले, शेजारी गोल गोळे, अधूनमधून आखूड काड्या.

हा पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधाचा ठसा. जंतू लांब वाढत राहतो, पण दोन भाग होताना मधली भिंत घालणारं प्रथिन औषधाने अडवलेलं असतं, म्हणून तुकडे पडत नाहीत. गार्डनर या संशोधकाने हे 1940 मध्येच नोंदवलंय. फॉर्मवरचा 'आधी दिलेली औषधं' हा रकाना मात्र कोरा. मालकाला विचारलं. "औषध नाही हो मॅडम, नुसती ॲमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकत होतो." मेडिकलवाल्याने बिनचिठ्ठीची दिलेली. अख्ख्या ढाबळीला एकच भांडं. कोणत्या पक्ष्याच्या पोटात किती गेलं, कोण सांगणार? अशा दुकानदारांचा मला मनापासून राग येतो.

बुरशीचा रिपोर्ट थांबवला. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की या माध्यमावर जंतूंच्या बिनरंगी वसाहती, एक्सएलडी या दुसऱ्या माध्यमावर काळ्या मध्याच्या, दोन्ही साल्मोनेलाच्या खुणा. त्यांचा स्टेन केला तर सगळ्या आखूड, सरळ काड्या. औषध नसलेल्या माध्यमावर जंतू मूळ रूपात आला होता. पुढे सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं त्या तपासणीत, ॲमॉक्सिसिलिनच्या सख्ख्या भावंडाच्या, ॲम्पिसिलिनच्या, चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ पडलं, म्हणजे तिथे जंतू वाढलाच नाही.

माझं डोकं अडकलंय ते इथे. प्लेटवर ज्या घराण्याच्या औषधाने मरतो, त्याच घराण्याच्या औषधात हा सांध्यात जगला कसा? मात्रा तोकडी पडली असेल. साल्मोनेला पेशींच्या आत दडतो आणि तिथे हे औषध नीट पोहोचत नाही, हेही खरं. की बाहेरची भिंत गमावलेले ते गोळेच तग धरून होते? स्लाइड जपून ठेवलीय, पण ती एवढं सांगत नाही. नुसतं 'सेन्सिटिव्ह' लिहून दिलं असतं तर मालकाने तीच कॅप्सूल दुप्पट केली असती, म्हणून स्लाइडवर दिसलेलं सगळं रिपोर्टात सविस्तर लिहिलं.

कबुतरांत बहुतेक वेळा साल्मोनेलाच्या टायफिम्युरियम जातीचा कोपनहेगन प्रकार सापडतो, पृष्ठभागावरची ओ-5 ही खूण (प्रतिजन) नसलेला. सीरोटाइपसाठी, म्हणजे नेमका प्रकार ठरवायला, नमुना इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेला पाठवलाय.

मालकाला बजावलं: नर वेगळा ठेवा, बरा दिसला तरी विष्ठेतून जंतू टाकत राहील, लहान मुलांना ढाबळीत जाऊ देऊ नका, जोडी लावू नका.

"जोडी लागलीय मॅडम. मादी अंड्यावर बसलीय."

अंड्यातूनही हा जंतू पिलात जातो. अंडी आणि मादीची विष्ठा, दोन्ही घेऊन यायला सांगितलंय.