फिरता मिरर बॉल टांगताना: माझा अनुभव

एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी मिरर बॉल, म्हणजे आरशांचे तुकडे लावलेला फिरता गोळा, टांगायचं काम माझ्याकडे आलं. गोळा 50 सेंटिमीटर व्यासाचा, वजन 7 किलो. एका जागी राहणारे लाइट मी बरेच टांगले होते, त्यामुळे यात वेगळं काही असेल असं वाटलं नाही. ट्रसच्या (लाइट टांगायच्या पाइपांच्या सांगाड्याच्या) पाइपला क्लॅम्प, क्लॅम्पला मोटर, मोटरच्या दांड्यावर आट्यांनी घट्ट बसवलेला गोळा, आणि जोड सुटला तरी गोळा खाली पडू नये म्हणून गोळ्याच्या कडीतून थेट ट्रसला सेफ्टी वायर. शिडीवरून उतरलो आणि मोटर चालू केली.

मोटर संथ, मिनिटाला जेमतेम एक फेरा. दहा-बारा मिनिटांनी वर पाहिलं तर वायरला पीळ बसलेला. एक टोक ट्रसला, दुसरं फिरत्या गोळ्याला. दर फेऱ्याला एक पीळ वाढणारच. मोटर बंद करून वर गेलो आणि पोटात गोळा आला. दांड्याचे तीन आटे उघडे पडले होते. पिळलेली वायर गोळ्याला मागे ओढून धरत होती आणि दांडा पुढे फिरत होता. म्हणजे जीव वाचवायला लावलेली वायरच गोळा सोडवत होती!

सगळं खाली उतरवलं. दुसरी मोटर आणली, जिच्यात दांड्याभोवती बेअरिंगवर मोकळी फिरणारी सेफ्टीची वेगळी कडी असते. गोळ्याच्या वायर त्या कडीला लावल्या, की त्या गोळ्याबरोबरच फिरतात. मोटरच्या बॉडीपासून ट्रसपर्यंत स्वतंत्र वायर घेतली. आट्यांवर विसंबायचं नाही हे आता कळलं होतं, म्हणून गोळ्याच्या सांध्यात आरपार स्प्लिट पिन घातली आणि तिचे पाय वाकवले.

वायर किती ढिली ठेवायची यावर मात्र मी बराच वेळ घालवला. 7 किलोचा गोळा 40 सेंटिमीटर पडला आणि वायरने त्याला 2 सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी दीडशे किलोच्या आसपास झटका बसतो. तोच गोळा 5 सेंटिमीटरच पडला, तर 25 किलोच्या आत. म्हणून फिरताना अडणार नाही एवढीच ढील ठेवली. प्लॅस्टिकच्या केबल टायने फक्त विजेची वायर बांधली. वजन त्यावर कधीच सोडू नये. लाइटजवळ तर नाहीच, लाइट गरम होतो.

मग प्रेक्षक यायच्या आधी मोटर पूर्ण दोन तास चालवली. सांध्यावर मार्करने एक उभी रेघ मारली होती, अर्धी दांड्यावर, अर्धी गोळ्याच्या टोपीवर. दोन तासांनी शिडीवर जाऊन पाहिलं, दोन्ही अर्ध्या रेघा समोरासमोर. तेव्हाच खालची जागा अडवायला बांधलेला दोर काढून लोकांना आत येऊ दिलं.

रात्री उतरवताना गोळा आधी एकाने खालून दोन्ही हातांनी पेलला, मग पिन काढली. सेफ्टी सगळ्यात शेवटी.