अंक बाहेर आहे

आमच्या वाचनालयातल्या ताई मितभाषी आहेत. एरवी "कार्ड?" आणि "उद्या बंद आहे" एवढ्यावर त्यांचं वर्षभर भागतं. पण भाऊबीज उलटली की एक वाक्य त्यांना दिवसातून किती वेळा म्हणावं लागतं, त्याला गणती नाही. "तो बाहेर आहे." समोरच्याने दिवाळी अंकाचं नाव पुरतं उच्चारायच्या आत त्यांचं म्हणून झालेलं असतं, कारण एकाला हवा असलेला अंक त्या आठवड्यात सगळ्यांनाच हवा असतो.

बाहेर म्हणजे कुणाच्या तरी घरी. उशीखाली, फ्रिजवर, नाहीतर लोकलच्या गर्दीत कुणाच्या खांद्यावरच्या पिशवीत. मला मात्र ते ऐकताना वाटतं, अंक जरा पाय मोकळे करायला गेलाय आणि दिवेलागणीला परत येईल.

येत नाही. मागच्या खेपेला ज्या अंकासाठी मी नोव्हेंबरात नाव लावलं होतं, तो हातात पडला संक्रांतीनंतर. उघडला तर एका दीर्घकथेच्या ऐन मध्यावर, दोन पानांच्या बेचक्यात, तिळाचा दाणा. माझ्या आधीच्या वाचकाने अंक कधी वाचला आणि वाचताना तोंडात काय होतं, याचा एवढा सज्जड पुरावा पोलिसांनाही मिळत नसेल. त्याआधीच्या पानावर तेलाचा गोल डाग होता. तो चकलीचा, म्हणजे नोव्हेंबरातला. जमिनीच्या थरांवरून काळ सांगतात तसा मी त्या अंकाचा प्रवास लावत बसले आणि कथा राहिली बाजूला.

ज्यांनी ही भानगड कधी केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेहमीच्या वर्गणीवर थोडे जास्त पैसे भरले की दिवाळी अंकांच्या योजनेत नाव लागतं. यादी मिळते, एका वेळी एक अंक मिळतो, ठरलेल्या दिवसांत तो परत करायचा आणि दुसरा न्यायचा. अंक आले की त्यांना खाकी कव्हर चढतं, पाठीला टाके पडतात, लाल शाईने नंबर पडतो. कव्हर चढलं की हातात पणती घेतलेल्या, नाकात नथ घातलेल्या त्या सगळ्या मुखपृष्ठसुंदऱ्या एका रंगाच्या होतात. मग लोक अंकाला नावाने हाक मारणंच सोडतात. "सदतीस आला का?" "एकोणीस कुणाकडे आहे?" परवा एक आजोबा पोटतिडकीने सांगत होते, की यंदा बावीसपेक्षा चाळीस सरस आहे. बाजूला उभा असलेला नवखा माणूस घाबरून त्यांच्याकडे बघत होता.

आता तुम्ही विचाराल, एवढी हौस आहे तर विकत का घेत नाही? घेते की. दर वर्षी वसुबारसेच्या आधी चार-पाच अंक घेते, नव्या छपाईचा वास घेते आणि टीपॉयवर असे रचून ठेवते की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत. फराळाला आलेले लोक ते चाळतात, "वा, छान" म्हणतात आणि ताटलीकडे वळतात. मीही चाळते. चाळण्याच्या पुढे गाडी जात नाही. ते आपलेच आहेत ना, कधीही वाचता येतील. हे 'कधीही' फार घातक. परवा कपाट आवरताना तीन वर्षांपूर्वीचे अंक निघाले, एकाची पानं तर अजून कडेला चिकटलेली होती. वाचनालयातून आणलेला अंक मात्र मी प्रस्तावनेपासून मागच्या पानावरच्या साडीच्या जाहिरातीपर्यंत वाचते. त्याच्या आत चिकटवलेल्या तक्त्यावर तारखेचा जांभळा शिक्का असतो. माझ्या पन्नाशीपर्यंतच्या आयुष्यात मला नियमाने वाचायला लावलं असेल तर त्या शिक्क्याने. आधी आई-वडील होते, पण त्यांना विलंब शुल्क लावता येत नव्हतं.

मुळात दिवाळी अंक ही गोष्टच उसनवारीची. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने मराठीतला पहिला गाजलेला दिवाळी अंक काढला. कल्पना उचलली होती इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांवरून. साहेब नाताळच्या सुट्टीत शेकोटीपाशी बसून जाडजूड अंक वाचतो, मग आपण दिवाळीत का वाचू नये? संपादक काशिनाथ रघुनाथ आजगावकर, पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो का. र. मित्र म्हणून, कारण बंगाली साहित्याच्या प्रेमापायी त्यांनी आडनावच बंगाली करून टाकलं होतं. म्हणजे नाताळ इंग्रजांचा, आडनाव बंगाल्यांचं आणि सण आपला. असा उसन्या सामानाचा अंक पुढे घरोघर उसना फिरावा, यात नवल काय? इथे उसनं घेणाऱ्याने परतफेडही भरघोस केली. शंभर वर्षं उलटून गेली, अजून दर दिवाळीला शेकडो अंक निघतात. सणासाठी साहित्य छापायचं हे खूळ एवढ्या प्रमाणात आणि एवढी वर्षं जपणारे आपणच असू, अशी माझी समजूत आहे. खूळच म्हणते, कारण संपादकांकडे पाहिलं की दुसरा शब्द सुचत नाही.

वाचनालयं तर त्याहूनही जुनी. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं. यांतली बरीच सुरुवातीला 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असं भारदस्त नाव मिरवायची. रत्नागिरीचं वाचनालय पहिल्या दिवाळी अंकाहून ८१ वर्षांनी थोरलं आहे. एवढी वर्षं दिवाळीत ही मंडळी लोकांना काय देत होती, कोण जाणे.

माझ्या लहानपणी मात्र दिवाळीच्या सुट्टीची खरी अडचण अशी होती की ऐन सणात वाचनालय बंद. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, सगळे दिवस कुलूप. शाळेला सुट्टी, अभ्यास नाही, फटाके संध्याकाळी, आणि नेमकं तेव्हाच पुस्तक मिळायची सोय नाही! धनत्रयोदशीला संध्याकाळी बालविभागात अशी झुंबड उडायची की किराणा दुकान बरं. एका कार्डावर एकच पुस्तक, शिवाय दिवसातून एकदाच बदल. या दोन नियमांच्या कचाट्यातून मी एक युक्ती काढली होती. पुस्तक जाडी बघून निवडायचं. लेखक कोण, विषय काय, याच्याशी कर्तव्य नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात मावत नाही ना, मग द्या. या युक्तीमुळे अकराव्या वर्षी मी एका संस्थानच्या कारभाराचा इतिहास वाचला. सरंजाम, दत्तकविधान, खंडणी, सगळं. कळलं काहीही नाही, पण चार दिवस पुरला. पुढे कधीतरी शाळेत बाईंनी दत्तक वारसा नामंजूर म्हणजे काय असं विचारलं तेव्हा माझा एकटीचा हात वर गेला आणि वर्गाने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

आता आमच्याकडे मुक्तद्वार आहे. कपाटांपर्यंत आपण स्वतः जायचं आणि हवं ते काढायचं. पूर्वी चिठ्ठीवर तीन नावं लिहून द्यावी लागत, आणि आतून काका चौथंच आणून देत. मुक्तद्वाराचा हट्ट धरणाऱ्यांत शियाळी रामामृत रंगनाथन होते. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीलाच एवढे कंटाळले, की मला परत शिकवायला पाठवा म्हणू लागले. नशिबाने तसं झालं नाही. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतलेच दोन. चौथा नियम म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. दिवाळी अंकांच्या रांगेत अडीच महिने उभं राहिल्यावर या चौथ्या नियमाबद्दल मला त्यांच्याशी बोलायचं होतं.

पण एक सांगते, उशिरा मिळालेल्या अंकाचं सुख वेगळं. राशिभविष्याचंच घ्या. नोव्हेंबरात वाचलं तर विश्वास ठेवावा लागतो. फेब्रुवारीत वाचलं तर तपासता येतं. माझ्या राशीला डिसेंबरात अचानक धनलाभ लिहिला होता. डिसेंबरात गीझर जळाला. कुणीतरी माझ्याआधी त्या ओळीखाली पेन्सिलने बारीक उद्गारचिन्ह काढून ठेवलेलं होतं. माझ्याच राशीचा कुणीतरी, याच गावात, त्याच महिन्यात धनलाभाची वाट बघत बसला होता तर.

शब्दकोड्यात या अनोळखी मंडळींची आणखी ओळख होते. पहिला वाचक पेन्सिलने सोडवतो, हलक्या हाताने, वाचनालयाच्या मालमत्तेचा मान राखून. दुसरा पेन घेऊन येतो आणि पहिल्याचं चुकलेलं गिरवून सुधारतो. तिसरा समासात लिहितो, 'पहिलंच बरोबर होतं.' माझ्यापर्यंत येईस्तोवर ते कोडं उरत नाही, वाद होतो. ताईंना हे अजिबात खपत नाही. परत आलेल्या अंकाचं कोड्याचं पान त्या आधी उघडतात आणि समोरच्याकडे चष्म्यावरून बघतात. पाककृतींच्या पानाचं दुखणं आणखी गंभीर. ती कात्रीने कापलेली असतात, सरळ रेषेत, सराईतपणे. पूर्वी मला याचा राग यायचा. अजूनही येतो.

'आवाज'च्या अंकातल्या त्या प्रसिद्ध खिडक्या तर वाचनालयात बघायच्याच नसतात. वरचं चित्र एक समजूत करून देतं, खिडकी उघडली की आत भलतंच निघतं. गंमत सगळी उघडण्यात. विसाव्या वाचकाला खिडकी उघडावी लागत नाही. ती बिजागरी तुटल्यासारखी लोंबत असते, नाहीतर चिकटपट्टीने कायमची बंद केलेली असते. मी एकदा चिकटपट्टी सोडवायला गेले आणि खिडकीसकट मागचा विनोदही फाटून हातात आला. तो अंक मी खाली मान घालून परत केला. ताईंनी फाटका तुकडा पाहिला, टेबलाचा खण उघडला आणि आतून डिंकाची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. मी तिथेच बाकावर बसून चिकटवलं.

या ताईंना काय मिळतं, हे एकदा मला कळलं आणि मी पुन्हा कधी पावती उशिरा मिळाल्याची कुरकुर केली नाही. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान आहे. त्या अनुदानातच पुस्तकं घ्यायची आणि त्यातच माणसं सांभाळायची. 'ड' वर्गातली माणसं कशी सांभाळली जात असतील ते तुम्हीच ताडा. तरी अंक आले की या बाई घरी नेऊन रात्री टाके घालतात. दिवाळीचं काम आहे म्हणतात, जसं करंज्यांचं असतं तसं.

शिमगा झाला की योजना संपते. अंक गठ्ठ्यांत बांधून वरच्या फळीवर जातात आणि काउंटर पुन्हा मोकळं, शांत होतं. मागच्या वर्षी अगदी शेवटी गेले तर सदतीस नंबर चक्क समोर पडलेला. ज्याच्यासाठी मी सगळा हिवाळा विचारत होते, तोच. मधे मिळाला तो तिळाचा दाणावाला अंक वेगळा, हा त्याहून चढा.

"घेऊन जा," ताई म्हणाल्या.

"किती दिवसांत आणू?"

त्यांनी यादी पाहिली. शिक्क्याकडे गेलेला हात मागे घेतला. "सावकाश आणा. तुमच्यामागे आता कोणी नाही."

त्या दिवशी मला एवढा आनंद झाला, की रस्त्यातच पहिलं पान उघडून अनुक्रमणिका वाचली. नंतर घरी आले, अंक फ्रिजवर ठेवला, भाजी फोडणीला टाकली.

मे महिन्यात माझ्यादेखत कुणीतरी वाचनालयात सदतीस नंबर मागितला. ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तो बाहेर आहे," त्या म्हणाल्या.