गारी

गेल्या आठवड्यात भाची शाळेतून रडत आली. तिसरीत आहे ती. मराठीच्या तासाला चित्र बघून वाक्य सांगायचं होतं, हिनं सांगितलं "रस्त्यावर गारी हाय" आणि सगळा वर्ग हसला, बरं पोरं हसली तर हसू देत, पोरंच ती, पण बाईंनी वर तिला सांगितलं की आईला म्हणावं घरी जरा शुद्ध बोलत जा. आता आम्ही घणसोली गावठाणातले आगरी. आमच्याकडे गाडीला गाडी कोणी म्हटलंच नाही कधी, ती गारीच, घोडा तो घोरा, थोडं ते थोरं, पाणी ते पानी. मला पण चौथीत असंच उभं केलं होतं आणि तेव्हापासून मी शाळेत एक बोलायचे आणि घरी एक, पुढे वाशीला कॉलेजात जायला लागले तेव्हा तर घरून फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे, कोणी ऐकू नये म्हणून. आईशी बोलताना. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर भाचीला जवळ घेऊन मी तिला आफ्रिकेतल्या, टांझानियाच्या दार-ए-सलाम शहरातली गारी सांगितली, तीच इथे लिहितेय.

पीएचडीच्या फिल्डवर्कला टांझानियाला गेले तेव्हा तिथली भाषा स्वाहिली दोन वर्षं शिकून झाली होती. गारी म्हणजे गाडी हे शब्दकोशात वाचलेलं पण होतं. पण पहिल्याच दिवशी एका इमारतीबाहेर पाटी दिसली, 'मएगेशो या मागारी', म्हणजे पार्किंग, आणि मग टॅक्सीवाला हात करून म्हणाला "गारी लांगू लिले पाले", माझी गाडी ती तिथे, आणि मी बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मी ज्या र ला लपवत होते तो इथे सरकारी पाटीवर लिहिलेला. आमच्या आगरीतून तो शब्द तिकडे गेला असं मी म्हणत नाहीये हं, तो गेला हिंदी-उर्दूतल्या गाडीवरून, स्वाहिलीत आपल्यासारखा ड नाही म्हणून तिथे र झाला, आणि आमच्या खाडीकाठाला तो आपला आपण झाला. पण एका किनाऱ्यावर तोच आवाज शाळेच्या पुस्तकात छापतात आणि दुसऱ्या किनाऱ्यावर तोच काढला म्हणून पोरीला रडवतात, यात जिभेचा काय दोष ते मला सांगा.

आणि गंमत बघा, 'गारी लांगू' हे व्याकरणातलं, रस्त्यावर लोक 'गारी यांगू' पण सर्रास म्हणतात. तिथेही शुद्ध-अशुद्ध आहेच. १९२८ साली केनियातल्या मोंबासाला परिषद भरली आणि ठरलं की प्रमाण स्वाहिली झांझिबारच्या बोलीवर, म्हणजे किउंगुजावर बसवायची. मोंबासाची स्वतःची बोली किम्विता, तिच्यात कवितेची केवढी जुनी परंपरा, ती बाजूला राहिली. १९३० ला त्यासाठी कमिटी झाली, मग त्याच भाषेत पाठ्यपुस्तकं आणि शब्दकोश. हे वाचताना मला पुणं आणि घणसोलीच दिसत होती.

स्वाहिलीतले शब्द ऐकले की आपल्या माणसाला आधी आनंदच होतो. दुका म्हणजे दुकान, रांगी म्हणजे रंग, बीमा म्हणजे विमा, लाकी म्हणजे लाख, चहाला चाय आणि कोशिंबिरीला कचुंबारी. पण सगळं आपणच दिलं असं समजू नका. हबारी, हाकी, सबाबू हे त्यांनी अरबीतून घेतले आणि आपली खबर, हक्क, सबब पण मुळात अरबीतलीच, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आली. आणि व्याकरण मात्र पक्कं बांटू, म्हणजे तिथल्याच आफ्रिकन भाषांच्या कुळातलं. तिथे नामांचे वर्ग असतात, एका वर्गाला एकवचनात 'कि' लागतो आणि अनेकवचनात 'वि'. आता अरबी किताब तिथे पोचलं तर लोकांनी त्यातला 'कि' तोच धरला, म्हणून एक पुस्तक किताबू आणि खूप पुस्तकं विताबू! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लोकलमध्ये बसले होते आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही, परक्याचा शब्द आपल्या नियमात असा बसवून घेणारी भाषा केवढी जिवंत असते. नाती तर अजून गोड. दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई, बाबा मात्र बाबाच.

मी या वाटेला लागले ती कुपवाडमुळे. एमएला असताना सांगलीजवळच्या कुपवाडवरचा भाषा-अभ्यासक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ चा लेख वाचायला होता. गावात मराठी, कन्नड, उर्दू शेकडो वर्षं शेजारी नांदलेल्या, घरात ज्याची त्याची भाषा, पण बाहेर रोजचा व्यवहार एकमेकांशी, त्यामुळे वाक्याचा सांगाडा इतका एकसारखा झाला की नुसते शब्द बदलले तरी एका भाषेतून दुसरीत जाता येतं. लेखात माझ्या आईसारखीच माणसं होती आणि त्यांच्या बोलण्याला कोणी अशुद्ध म्हणत नव्हतं, त्याचे नियम शोधत होतं. तेव्हा कळलं की भाषेकडे असंही बघता येतं. आणि मग बहुभाषिक समाज म्हटलं की आफ्रिकेकडे जावंच लागतं, जगातल्या साधारण एक तृतीयांश भाषा तिथल्या, एकट्या टांझानियात शंभराहून जास्त.

माझा विषय होता वर्गातली भाषा. टांझानियात सरकारी शाळांमध्ये सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत, १९६७ पासून, पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या काळापासून, आणि मग सेकंडरीला पहिल्या दिवसापासून इंग्रजी. मी घणसोलीतून मराठी मीडियमची दहावी करून अकरावी सायन्सला गेले तेव्हाचं सगळं मला आठवत होतं, फोटोसिंथेसिस म्हणजे आपलंच प्रकाशसंश्लेषण हे समजायला मला आठवडा लागला होता, आणि त्या आठवड्यात मी स्वतःला ढ समजायला लागले होते.

पहिले तीन आठवडे माझं सगळं रेकॉर्डिंग फुकट गेलं. मी वही घेऊन मागच्या बाकावर बसले की शिक्षक शेवटपर्यंत इंग्रजीतच बोलायचे, पाहुणी आली ना. भाषाशास्त्रज्ञ लबॉव्ह सांगून गेलाय हे, लोक आपल्याकडे कोणी बघत नसताना कसं बोलतात ते आपल्याला हवं असतं आणि त्यासाठी बघायला तर लागतंच. मग मी रेकॉर्डर बंद ठेवला, रोज नुसती जाऊन बसले, दुपारी शिक्षकांसोबत उगाली-महारागे खाल्लं, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि राजम्यासारख्या शेंगदाण्यांची उसळ. चौथ्या आठवड्यात बायोलॉजीच्या सरांनी फळ्यावर इंग्रजीत फोटोसिंथेसिस लिहिलं, दोन वाक्यं इंग्रजीत बोलले, मुलं गप्प. मग दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले "उसानिसिनुरू". त्यातला नुरू म्हणजे उजेड, आपलं नूर. आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी "आआआ" म्हणाली, एवढंच, आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायला लागली. माझ्या थिसिसमध्ये त्या "आआआ" वर अख्खं एक प्रकरण आहे.

पीएचडी झाली. नोकरी कायमची अजून नाही. नेट आहे, पेपर आहेत, पण आफ्रिकन भाषांचं पद निघणार कुठे, दोन कॉलेजांत सीएचबीवर शिकवते, तासाचे पैसे आणि ते पण वर्षअखेरीस. घरी आई काही विचारत नाही, तेच जास्त लागतं.

बाकी घर चालतं दुभाषेपणावर. नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांमध्ये टांझानिया, केनियाहून पेशंट येतात, त्यांच्यासोबत मी असते. कोणाला आजार काय विचारलं की "प्रेशा" आणि "सुकारी" म्हणतात, आपल्याकडे बीपी आणि शुगर, तिथे मला काही शिकावं लागलं नाही. पण माझी सगळ्यात मोठी चूक पण तिथलीच. एमए चालू असतानाची गोष्ट. एका आजोबांचा स्कॅन सकाळी आठला होता, उपाशीपोटी यायचं, मी घाईत त्यांच्या मुलीला सांगितलं "केशो सा नाने", नाने म्हणजे आठ. स्वाहिलीत घड्याळ सूर्य उगवल्यापासून चालतं, सकाळी सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन, 'सा म्बिली', हे मी पहिल्याच महिन्यात शिकले होते आणि परीक्षेत बरोबर लिहिलं पण होतं. सा नाने म्हणजे दुपारचे दोन. आजोबा डायबेटिसवाले, रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, दुपारी दोनला आले तेव्हा हात थरथरत होते. नर्सने साखर दिली, सावरले ते. मी कोपऱ्यात रडत होते तर त्यांची मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली "पोले दादा". पोलेला मराठीत नेमका शब्द मला आजवर सापडला नाही, तुला त्रास झाला आणि तो मला कळतोय, एवढं सगळं त्यात असतं. तिच्या बापाला मी उपाशी ठेवलं आणि पोले ती मला म्हणत होती.

घरी येऊन आजीला हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. तिच्या लहानपणी पण वेळ दिवस उगवल्यापासूनच मोजायचे, कासराभर दिवस वर आला, दोन कासरे आला. त्यानंतर माझी चूक झाली नाही, मी मनात आजीचा दिवस धरते आणि मग आकडा बोलते. मोठ्या माणसांना तिकडे "शिकामो" म्हणतात, मूळ अर्थ तुमचे पाय धरतो, आणि समोरून "मराहबा" येतं. आजीला रोज मी शिकामो म्हणायचे आणि ती तिच्या पद्धतीने मराबा म्हणायची. आता ती नाही.

तिचे शब्द मी नीट रेकॉर्ड केले नाहीत. आफ्रिकेत शंभर तास रेकॉर्डिंग केलं आणि घरातल्या ओटीवर केलं नाही, म्हणून आता दर शनिवारी गावठाणातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसते, ज्यांनी मिठागरात काम केलंय त्यांच्याकडे. आम्ही आगरी ते आगरांवरून, आणि आगरं गेली तशी त्यांची भाषा पण चाललीय. या शनिवारी भाचीला घेऊन गेले. तिनं सगळ्यांना सांगितलं की आफ्रिकेत पण गारी म्हणतात. त्यावर एका आजींनी विचारलं, तिकडं मिठागरं हायत का? मी फोनमधला बागामोयोचा फोटो काढून दिला, समुद्रालगत चौकोन चौकोन आखलेले आणि कडेला मिठाचे ढीग. त्यांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितला.

"बांद नीट नाय घातलाय यांनी," त्या म्हणाल्या. "भरती आली का पानी आत येल."