कॅव्हला मी ‘थांब’ म्हणाले होते

जुलै 2023. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या आठव्या टप्प्यात, म्हणजे आठव्या दिवसाच्या शर्यतीत, ब्रिटिश सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश, आमचा कॅव्ह, पडला, कॉलरबोन मोडलं आणि त्याची टूर तिथेच संपली. आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपवर पहिला मेसेज माझाच होता : ‘आता पुरे. घरी जा बाबा.’

मे महिन्यात जिरोच्या, म्हणजे इटलीतल्या मोठ्या शर्यतीच्या, विश्रांतीच्या दिवशी त्याने बायकोमुलांसमोर सांगितलंच होतं की, हा मोसम शेवटचा. सहा दिवसांनी रोममधला शेवटचा टप्पाही जिंकला. टूरमध्ये 34 टप्पे जिंकण्याच्या, बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या विक्रमाशी त्याची बरोबरी 2021 मध्येच झाली होती. मर्क्स स्वतः तर 32 व्या वर्षी थांबला. मग 38 व्या वर्षी हा अट्टाहास कशाला?

मी हे भीतीपोटी म्हटलं होतं. 44 व्या वर्षी कात्रजच्या जुन्या घाटात, उतारावर, वाळूवरून माझं पुढचं चाक सरकलं आणि माझंही तेच हाड मोडलं. हाड दोनेक महिन्यांत जुळलं, बोटं अजून सावरलेली नाहीत. सिंहगड उतरताना वळण दिसायच्या आधीच ती ब्रेकवर जातात. आणि हा माणूस पुन्हा ताशी 65-70 च्या वेगात कोपराला कोपर घासत स्प्रिंट, म्हणजे शेवटची सुसाट धाव, मारायला निघालेला! ऑक्टोबरात त्याने अस्ताना संघाबरोबर आणखी एक वर्ष ठरवलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

2024 च्या टूरचा पहिला दिवस, फ्लॉरेन्स ते रिमिनी. ऊन मरणाचं. सुरुवातीच्याच चढावर कॅव्ह मागे पडला, सायकलवरच उलट्या झाल्या. संघातले सोबती त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होते. जिंकणाऱ्यापेक्षा सुमारे 39 मिनिटं उशिरा पोचला. टूरमध्ये विजेत्याच्या वेळेवरून रोजची मर्यादा ठरते. ती चुकली की गाशा गुंडाळायचा. ती त्याने गाठली. मी टीव्ही बंद केला.

चारच दिवसांनी, 3 जुलैला, सॅन-व्हुल्बाचा टप्पा. भाकरी तव्यावर होती, मी फोन ओट्याला टेकवून ठेवला होता. शेवटच्या किलोमीटरला त्याच्यापुढे वारा अडवायला स्वतःच्या संघाची सरळ रांग नव्हती. एकाचं मागचं चाक धर, ते सोड, दुसऱ्याचं धर, असं करत त्याने फट शोधली आणि निघाला. मागे राहिला यास्पर फिलिप्सन, जवळपास 13 वर्षांनी लहान. 2023 मध्ये बोर्दोला कॅव्हलाच हरवणारा. पस्तिसावा टप्पा! भाकरी करपली. मी रडत होते.

तेव्हापासून मी वय विचारायचं सोडलं. काय शिल्लक आहे, ते विचारते. स्प्रिंटरला डोंगर मर्यादेत ओलांडावे लागतात आणि मग शेवटचे दोनशे मीटर. तिथे पाय थोडे कमी पडले तरी कुठे घुसायचं हे डोळ्यांना कळत असेल तर भागतं, आणि ते वयाबरोबर मुरतं. चढावर मात्र कुणाच्या मागे लपता येत नाही. म्हणून चढांवर शर्यती जिंकणाऱ्या क्रिस फ्रूमबद्दल माझं मत अजूनही उलटं आहे. तो कॅव्हपेक्षा एकाच दिवसाने मोठा, चार टूर जिंकलेला. 2019 मध्ये फ्रान्समध्ये रोआनजवळ भिंतीवर आदळला, मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर एकही शर्यत जिंकला नाही. 2022 मध्ये टूरच्या आल्प द्युएज या आल्प्समधल्या अवघड चढाच्या टप्प्यात तिसरा आला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या, पण त्याच संध्याकाळी त्याने थांबायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट 2025 मध्ये सरावात तो पुन्हा पडला. फासळ्या, फुप्फुस, मणका. ती बातमी मी पुरती वाचू शकले नाही.

कॅव्ह 3 जुलैच्या रात्रीच घरी जाऊ शकला असता. विक्रम झाला होता. पण तो पिरेनीज चढला, आल्प्स चढला, रोज मर्यादेच्या काट्याशी झगडत नीसपर्यंत गेला. नोव्हेंबरमध्ये सिंगापूरला शेवटची शर्यत जिंकून मग त्याने सायकल ठेवली. जुलै 2023 चा तो मेसेज ग्रुपवर अजून आहे. मी काढलेला नाही.