धातूचे नाव : बोर

"धातूचे नाव" या रकान्यात मी शेवटी "बोर" लिहिलं, तेव्हा कुठे फॉर्म पुढे सरकला.

माझा एम.एस्सी.चा प्रकल्प जळक्या आठळ्यांचा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणकालीन वस्तीत बोराच्या जळक्या आठळ्या मिळाल्यात. पण उत्खननाच्या मातीत बहुतेकदा चुराच सापडतो आणि त्यातलं लाकूड कुठलं, आठळी कुठली, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून ताडून बघायला आपणच काही जाळून ठेवायच्या. सोलापुरात आठळ्यांना काय तोटा? भाच्याच्या बोरन्हाणातच वाटीभर जमल्या. वाळूत पुरून भट्टीत 300 अंशांवर 2 तास ठेवल्या. उघड्या ठेवू नका, राख होते.

कोळशातून उजेड आरपार जात नाही, त्यामुळे आमच्याकडचा साधा मायक्रोस्कोप बाद. वरून उजेड पाडणारा, धातू तपासायचा मायक्रोस्कोप एका इंजिनिअरिंग कॉलेजात होता. फॉर्मही धातूंचाच. पॉलिश केले आहे का, कठीणता किती! मी रेघ मारली. "मोकळा रकाना चालत नाही," क्लार्ककाका म्हणाले. "जैविक" लिहिलं. "मग बायोलॉजीला जा." तिथूनच तर आले होते! सरांचं पत्र नेलं, त्यावर जावक क्रमांक नाही. क्रमांक घालून नेलं, तर सहीच्या मॅडम 26 जानेवारीला जोडून रजेवर. दर खेपेला सात रस्ता चौकातून रिक्षा, आणि तिच्यात हिंदकळून निम्म्या आठळ्यांचा भुगा. डबीत कापूस घाला, हे मला नंतर सुचलं. चौथ्या खेपेला वैतागून "बोर" लिहिलं, कठीणतेपुढे "भरपूर". काकांनी चष्मा वर केला. "बोरॉन का?" मी मान हलवली, उभी की आडवी, ते त्यांनी ठरवावं. शिक्का पडला.

आठळी ब्लेडने कापायची नाही, कडा घासली जाते. ब्लेड टेकवून तडकवायची. ताज्या कडेवर घट्ट रचलेल्या जाडजूड पेशी दिसल्या. भिंत इतकी जाड की मधे टिंबाएवढी पोकळी उरलेली, आणि त्या टिंबापासून भिंतीतून गेलेल्या केसासारख्या नळ्या. शेजारी बाभळीचा कोळसा ठेवला होता. त्यात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची मोठाली भोकं. आठळीत तसं काही नाही. मी तिथल्या तिथे टाळी वाजवली.

टाळी ऐकून काका आले. डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

"बोरॉन नाही, काका. बोर."

"ते कळलं हो. उमराण का चमेली?"

नेमकी बोराची जातच मी डबीवर लिहिली नव्हती.