आमच्या वाट्याचं अर्धं वाक्य

आमच्या घरी छापील प्रार्थनेला मान नव्हता. प्रार्थना मनातून यावी, वाचून दाखवायला देव काय शाळातपासनीस आहे, असं वडील म्हणत. त्यामुळे पाचवीत शाळेच्या चॅपलमध्ये हाती आलेलं प्रार्थनापुस्तक मी जरा तुच्छतेनंच उघडलं. पाळकांनी एक ओळ म्हणायची, आम्ही ठरलेली दुसरी. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, सगळं ठरलेलं. मला ती निव्वळ कवायत वाटे.

मत पालटलं ते एका फजितीनं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात ‘हालेलूया’, म्हणजे ‘देवाची स्तुती करा’, हा शब्द म्हणायचा नाही, ही पाश्चात्त्य मंडळ्यांची जुनी रीत. वेदीवरचं कापडही तेव्हा जांभळं. गायकवृंदात मी नवा. स्तोत्र संपताच सवयीनं, मोकळ्या गळ्यानं, एकट्यानंच ‘हालेलूया’ ठोकून दिला. चॅपलभर खसखस पिकली. गायनाच्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “जपून ठेव, ईस्टरला लागेल.” मग प्रत्येक उपासनेत तो शब्द ओठांपर्यंत यायचा आणि मी गिळायचो. ईस्टरच्या सकाळी वेदीवर पांढरं कापड होतं. पाळकांनी तो शब्द उच्चारला आणि अंगावर काटा आला. एखाद्या शब्दाचीही भूक लागते, हे मला घरी कळलं नसतं. तिथे आम्ही बारा महिने हालेलूया म्हणायचो.

घरची उत्स्फूर्त प्रार्थना तरी किती उत्स्फूर्त होती म्हणा! आधी दिवसाबद्दल आभार, मग आजारी नातेवाईक, मग परीक्षा, मग आमेन. क्रम कधी चुकला नाही. फक्त तो छापलेला नव्हता. वडिलांना हे ऐकवायची माझी छाती झाली नाही.

उपासनेत पाळक म्हणत, “तुमची अंतःकरणे वर करा,” आणि आम्ही म्हणायचो, “ती आम्ही प्रभूकडे लावली आहेत.” हे आमच्या पाळकांनीच बसवलंय, अशी माझी समजूत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सिप्रियन या बिशपनं तिसऱ्या शतकात हीच सवाल-जबाबाची जोडी नोंदवली आहे, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं. त्यातली गंमत अशी की पाळकांचं वाक्य आमच्यावाचून अर्धंच राहतं. मन थाऱ्यावर नसलं तरी आपला वाटा द्यावा लागतो; नाहीच दिला, तर शेजारचा देतो.

सहावीत एकदा मधल्या सुट्टीत हजेरीपटावर शाई सांडली. खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलाच्या बोटांना शाई होती, म्हणून तो तासभर वर्गाबाहेर उभा राहिला. मी गप्प बसलो. त्या रात्री घरी नेहमीची प्रार्थना केली. मला कुणी विचारलं नव्हतं, मी खोटं बोललो नव्हतो. क्षमा मागण्याजोगं काही आठवलंच नाही.

पुढच्या उपासनेत पापांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापं कबूल करायची प्रार्थना, आला. १५५२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातून चालत आलेला. त्यात ‘जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही’ हे आधी येतं, ‘जे करायला नको होतं ते केलं’ हे मागाहून. तोवर हा क्रम माझ्या ध्यानातही आला नव्हता. त्या दिवशी पहिल्याच ओळीला माझा आवाज अडकला. बाकीचे पुढे गेले. माझ्या पुढच्याच रांगेत तो मुलगा गुडघे टेकून, काहीही केलेलं नसताना, खणखणीत आवाजात ‘आम्ही’ म्हणत होता.

मी तेव्हाही सरांकडे गेलो नाही. गुडघे झाडले आणि वर्गात येऊन बसलो. पुढे नोकरीनिमित्त जिथे जिथे राहिलो, तिथे ठरलेल्या विधीची उपासना शोधून काढली, आणि ती ओळ आली की अजूनही ती शाई दिसते.

सहावीतला, खिडकीजवळच्या बाकावरचा तो ही स्मरणिका वाचत असेल, तर त्याच्यासाठी लिहितो: दौत माझ्या कोपराचा धक्का लागून पडली होती.